लेखकाचं बायकोवर प्रेम आहे

पेपर हातात पडला की आधी मागचं पान उलटायचं, उताऱ्याखालचे प्रश्न वाचायचे आणि मगच उताऱ्याला हात घालायचा, असं सर सांगतात. म्हणून मी मागचं पान उलटलं. शेवटचा प्रश्न होता, लेखकाची आपल्या पत्नीविषयीची वृत्ती कोणती ते कारणं देऊन सांगा. होता अर्थात इंग्रजीत, पण मला आताशा इंग्रजी प्रश्न मराठीतच ऐकू येतात आणि तेही सरांच्या आवाजात. बायको म्हटल्यावर मला हायसं वाटलं. बायको, आई, म्हातारा नोकर किंवा कुत्रा, यांपैकी कुणीही उताऱ्यात आलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘अफेक्शनेट, यट नॉट विदाउट ह्यूमर.’ म्हणजे प्रेमळ, पण थोडी विनोदाचीही झाक असलेली. जामखेड-पाथर्डीकडून एस.टी.नं येणारे विद्यार्थी आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून हे वाक्य आरतीसारखं एका सुरात म्हणतात. सर म्हणजे माझे यजमान, प्राध्यापक शरच्चंद्र. नगरच्या एका कॉलेजात ते इंग्रजी शिकवतात आणि रविवारी सकाळी घरी बाहेरून बी.ए.ला बसणाऱ्यांचा वर्ग घेतात. त्या वर्गात मीही बसत असे. तिथे त्यांना ‘अहो’ म्हणायचं नाही, सर म्हणायचं, नाहीतर बाकीचे शेफारतात, असा त्यांचा नियम होता. पुढेपुढे माझ्या मनातही ते सरच होऊन बसले.

हॉलमध्ये पंखा होता आणि तो फिरतही होता, पण वारा मात्र वरच्या वरच राहत होता. एप्रिलचा महिना, त्यात दुष्काळाचं वर्ष. कोपऱ्यातला माठ पहिल्या तासातच खडखडीत झाला होता आणि सुपरवायझर बाई पदरानं मान पुसत म्हणत होत्या की टँकर आला तर पाणी येईल, नाही आला तर तसंच लिहा. माझ्या पलीकडच्या बाकावर छबू बसली होती. छबू दहिफळे, पाथर्डीकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे आणि रविवारच्या वर्गातली माझी एकुलती एक मैत्रीण. ती पेपरावर पेन्सिलीनं विशेषणांखाली रेघा ओढत होती, तेही सरांनीच शिकवलेलं. मला पास व्हायचं होतं. गेल्या वर्षी मी याच इंग्रजीत नापास झाले होते. मी एका मुलींच्या शाळेत हंगामी शिक्षिका आहे आणि आमच्या मोठ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, ‘सुनीतीबाई, एवढं बी.ए. पदरात पाडून घ्या. वसतिगृहाच्या रेक्टर जूनमध्ये जाताहेत. ती जागा तुमची. वर राहायला दोन खोल्या.’ घरी मी जागेचं सांगितलं, पगाराचं सांगितलं, दोन खोल्यांचं सांगितलं नाही. का सांगितलं नाही, असं कुणी विचारलं असतं तर मला धड उत्तर देता आलं नसतं. त्या खोल्या मी जाऊन पाहून मात्र आले होते. भिंतीला निळसर चुना होता, खिडकीतून भुईकोट किल्ल्याकडे जाणारा रस्ता दिसत होता आणि आतल्या खोलीत चूल मांडायची की स्टोव्ह ठेवायचा, एवढा विचारही मी तिथे उभ्या उभ्या करून घेतला होता. जायचंच असं काही ठरवलं नव्हतं. नवरा वाईट असेल तर बाई जाते. माझा नवरा वाईट आहे की नाही, हेच माझं अजून ठरत नव्हतं.

उतारा सोपा होता. कुणी एक इंग्रज गृहस्थ आपल्या बायकोची गोष्ट सांगतो. या बाईला मध्यम वयात दगडांचा नाद लागतो. गावातल्या संस्थेत संध्याकाळी दगड-खनिजांवर व्याख्यानं होतात, तिथे ती जाते, टिपणं काढते, टेकड्यांवरून दगड गोळा करून आणते, दिवाणखान्यात फळीवर मांडते आणि प्रत्येकाखाली त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवते. एका संध्याकाळी ती व्याख्यानाला गेली असताना नवरा मागच्या गटारातला एक खडा उचलतो, धुतो आणि फळीवर मधोमध ठेवून देतो. सकाळी तिला वाटतं, आपणच कधीतरी आणला असेल आणि विसरलो. ती पुस्तकं उघडते, दुपारभर बसते आणि त्या खड्याला एक लांबलचक लॅटिन नाव देते. मग दर रविवारी पाहुणे आले की नवरा म्हणतो, डिअर, तो मधला दाखव की. ती दाखवते आणि सांगायला लागते. पाहुण्यांना आधीच सगळं ठाऊक असतं, ते रुमालात तोंड खुपसतात आणि सगळ्यांत मोठ्यानं कौतुक करतो तो नवराच. शेवटचं वाक्य असं होतं की जगातलं काहीही देऊ केलं तरी मी तिला हे कधी कळू देणार नाही.

गटारातल्या खड्यापाशी मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. शेवटचं वाक्य वाचलं आणि मी पेन खाली ठेवलं. कारण तो आवाज मी ओळखला. तो गोड, संथ, कुणाला दुखवायचं नाही असा आवाज. वर्गात सर वह्या परत देतात तेव्हा माझी वही ते शेवटी ठेवतात. मग एक वाक्य मोठ्यानं वाचतात आणि म्हणतात, ‘हे एका विद्यार्थिनीनं लिहिलंय. नाव मी सांगणार नाही.’ सगळे हसतात आणि हसता हसता माझ्याकडे बघतात, कारण त्या वर्गात बाई म्हणाल तर छबू आणि मी, आणि छबूची वही तर केव्हाच देऊन झालेली असते. कॉलेजातले त्यांचे स्नेही चहाला आले की ते आत हाक मारतात, ‘बाईसाहेब, जरा बाहेर या, यांना तुमचं सध्या काय वाचन चाललंय ते ऐकायचंय.’ मी पदराला हात पुसत बाहेर येते. वाचन खरंच चाललेलं असतं, म्हणून मी सांगते. ते माझ्याकडे बघत नाहीत, स्नेह्यांकडे बघत असतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी आत येऊन पोहे ढवळताना ठरवलं होतं की यांच्या मनात काही नसतं. हौशी स्वभाव आहे, चारचौघांत थट्टा करायची सवय आहे, बस्स.

आणि मग ते ठरवलेलं मी वर्षानुवर्षं शाबूत ठेवलं. माझं माहेर पुणतांब्याचं. वडील मार्तंड मास्तर तिथल्या शाळेत होते. बाळंतपणाला म्हणून गेले आणि बाळ राहिलं नाही, त्या वेळी आई घाटावर धुणं आपटता आपटता विचारायची, ‘जावई कसे वागतात गं तुझ्याशी?’ मी म्हणायची, चांगले वागतात. आई नुसत्या चांगल्यावर कधी थांबली नाही. ती म्हणायची, चांगले म्हणजे कसे, सांग की. मग मी सांगायची. कधी हात उगारला नाही. कधी आवाज चढवला नाही. मला शिकवतात, पुस्तकं आणून देतात, वर्गात बसवतात. एवढे विद्वान असून माझ्या चुका चारचौघांत काढताना माझं नाव घेत नाहीत. आई पिळे झटकायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, ‘बरं.’ तिचं ते ‘बरं’ मला त्या वेळी अजिबात आवडायचं नाही. गोदावरीचं पाणी गुडघ्यापर्यंत लागत असायचं आणि मी उत्तर देऊन मोकळी झालेली असायची. आता बाकावर बसून वाटलं की माझी खरी परीक्षा तिथेच चालली होती, आणि आई काही मार्क देत नव्हती.

तर हा लेखक बायकोला तुच्छ मानतो, हे मला दिसलं होतं. मला लख्ख दिसलं होतं. कंटेम्प्ट हा शब्दही मला येत होता, स्पेलिंगसकट. मी तो कच्च्या कागदावर लिहिला. मग त्याच्याकडे बघत बसले आणि सरांचा आवाज सुरू झाला. परीक्षेतला लेखक नेहमी सज्जन असतो. त्याला कुणाचा तिटकारा येत नाही. तिटकारा असलेल्या माणसाचा उतारा युनिव्हर्सिटी कशाला निवडेल? तुम्हाला लेखक दुष्ट वाटला की समजा, तुमचं इंग्रजी कच्चं आहे. टोकाचं काही लिहाल तर मरा. व्याकरणाचे प्रश्न मी निम्मे अंदाजानं ठोकले होते, निबंध यथातथा झाला होता, माझी सगळी भिस्त या उताऱ्यावर होती. दोन खोल्या या उताऱ्यावर होत्या. आणि दुसरंही एक होतं, जे मी त्या वेळी स्वतःशी नीट बोलले नाही. मी जर कंटेम्प्ट लिहिलं असतं, तर ते त्या इंग्रजापुरतं राहिलं नसतं. आईला दिलेली सगळी उत्तरं मला एका फटक्यात खोडावी लागली असती, आणि तीही सुपरवायझर बाई घंटेकडे बघत असताना.

मी कच्च्या कागदावरचा शब्द खोडला आणि उत्तरपत्रिकेत लिहिलं, लेखकाचं बायकोवर प्रेम आहे. मग कारणं लिहायला लागले आणि मला माझंच नवल वाटलं. एरवी इंग्रजीत एक वाक्य जुळवताना माझ्या नाकी नऊ येतात. पण ही कारणं झरझर येत होती. तो तिच्यावर कधी रागावत नाही. तिला व्याख्यानाला जाऊ देतो. दिवाणखान्यातली फळी तिला देतो. तिच्या छंदात रस घेतो, पाहुण्यांपुढे तिचं कौतुक करतो. तिला वाईट वाटू नये म्हणून तो ते गुपित जन्मभर पोटात ठेवायला तयार आहे. एकाही क्रियापदाला मी अडखळले नाही. इतकं चांगलं इंग्रजी मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. शेवटी ‘यट नॉट विदाउट ह्यूमर’ जोडलं, खाली रेघ मारली आणि घंटा व्हायच्या आधी पेपर देऊन टाकला.

फाटकाबाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर धूळ, टांग्याचं घोडं तोंड खाली घालून उभं, आणि रसवंतीवाल्यानं ‘बर्फ नाही’ अशी पाटी लावलेली. छबू धावत मागून आली. तिला पाथर्डीची गाडी संध्याकाळी होती, तोवर सरांना पेपर दाखवावा असा तिचा विचार होता.

‘ताई, उतारा लई सोपा हुता की,’ ती म्हणाली. ‘शेवटल्याला काय लिव्हलं?’

‘अफेक्शनेट.’

‘मीबी तेच. सरांचं वाक्य जसंच्या तसं ठोकून दिलं.’ ती हसली. मग जरा चालून म्हणाली, ‘पर त्या बाईची मला कीव आली बगा. आमच्या शाळंत हेडमास्तर आसंच करतात. पाहुना आला की मलाच इंग्रजी कविता म्हनाया लावतात आन् खिडकीकडं बगत हासतात.’

‘मग तसं का नाही लिहिलंस?’

‘ताई, मला पास व्हायचंय,’ छबू म्हणाली. ‘त्या बाईचं काय करायचं ते तिचा नवरा करंल.’

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. सगळं कसं हिला सरळ दिसतं. दिसलं ते दिसलं आणि लिहिलं ते लिहिलं, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी तसं करू शकत नव्हते. मी हॉलमधून निघाले तेव्हाच माझं उत्तर मला निम्मं खरं वाटायला लागलं होतं आणि घर येईपर्यंत पुरतं खरं वाटत होतं. दारात चपला काढताना मी ठरवून टाकलं होतं की आपण उगाच घाबरलो, इंग्रजांची विनोदाची तऱ्हाच तशी असते. निकाल लागला की दोन खोल्यांचं सरांना सांगून टाकू आणि राहायला काही जाऊ नये, असंही मनात येऊन गेलं.

सर आरामखुर्चीत वाचत बसले होते. मी आत जाऊन चहा टाकला. तेवढ्यात छबूनं त्यांना पेपर दिला आणि सतरंजीवर बसली. मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा ते उतारा वाचत होते. मी कधी त्यांना इतक्या मनापासून वाचताना पाहिलं नव्हतं. गटारातल्या खड्यापाशी त्यांचे ओठ हलले. पाहुण्यांच्या रुमालापाशी ते चक्क हसले. शेवटच्या वाक्यापाशी थांबले, ते पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाले, ‘वा! काय हरामखोर माणूस आहे.’

मी कप त्यांच्या हाताशी ठेवला.

‘बोला, शेवटच्याला काय लिहिलंत?’ त्यांनी विचारलं.

‘अफेक्शनेट, यट नॉट विदाउट ह्यूमर,’ छबूनं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं.

‘आणि आमच्या बाईसाहेब?’

‘तेच,’ मी म्हणाले.

त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. ‘अगं, प्रेम कुठे दिसलं तुला यात? कंटेम्प्ट आहे हा. शुद्ध तुच्छता. ओळ न् ओळ सांगतेय. बघ, खडा ठेवतो केव्हा? ती व्याख्यानाला गेल्यावर. कौतुक सगळ्यांत मोठ्यानं कोण करतं? हाच. आणि डिअर, डिअर, डिअर. खरोखर डिअर असलेल्या बाईला माणूस इतक्यांदा डिअर म्हणत नाही.’

ते समजावून देत होते आणि फार सुंदर समजावून देत होते. कुठला शब्द कशासाठी ठेवलाय, कुठे तो मुद्दाम हळू बोलतो, कुठे तिला बोलायला लावतो आणि स्वतः पाहुण्यांकडे बघतो. मी ऐकत होते. माझ्या कानांमागून घाम मानेवर उतरत होता. मी म्हणाले, ‘पण तुम्हीच सांगता ना, लेखक सज्जन असतो म्हणून?’

‘ते ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. छबूबाई, रागावू नका हं.’

‘न्हाई सर, राग कशाचा,’ छबू सतरंजीकडे बघत म्हणाली.

‘तुला एवढी वर्षं घरात ठेवून शिकवतोय. मला वाटलं, तू वाचशील.’

‘पण तो तिला कळू देत नाही,’ मी म्हणाले. ‘तिला वाईट वाटू नये म्हणून लपवून ठेवतो. नाव... म्हणजे गुपित सांगत नाही.’

‘कळलं तर खेळ संपला की गं! तिला कळत नाही, हीच तर सगळी गंमत आहे.’

‘त्याला स्वतःला तरी ठाऊक असेल का?’ मी विचारलं. मला हे विचारायचंच होतं, मार्क गेले तर गेले. ‘सवयीनं होत असेल त्याच्या हातून. मनात काही नसेल.’

ते हसले. तोच आवाज होता, गोड, संथ. ‘ठाऊक नसताना इतकं नेमकं जमत नाही, बाईसाहेब. त्याला पक्कं ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.’

मग त्यांनी विचारलं की कारणं काय लिहिली. मी सांगितली. एकेक करून सगळी सांगितली, आईला सांगत असे तशी. ते मान डोलवत ऐकत होते आणि शेवटी म्हणाले की उत्तर चुकलं तर चुकलं, पण त्याला इतकी चांगली कारणं जोडणं फारच वाईट. परीक्षक त्यावर शून्य देतो आणि बाकीच्या उत्तरांकडेही मग त्याच नजरेनं बघतो. या वर्षीही कठीण दिसतंय, असं ते म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

छबू उठू की बसू अशी चुळबुळत होती. मी उभीच होते. मला रडू येत नव्हतं. मला भयंकर राग आला होता आणि तो कुणाचा ते धड वेगळं काढता येत नव्हतं. यांना वाचता येत होतं. माझ्याइतकं नव्हे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. मी सकाळी निळसर चुन्याच्या त्या दोन खोल्यांसाठी जे खोटं लिहून आले होते, त्याच खोट्यानं त्या खोल्या आता गेल्या होत्या, आणि जायचं की नाही हे ठरलं ते मात्र आत्ता, या मिनिटाला. नवरा वाईट आहे की नाही, याचं उत्तर नवऱ्यानंच दिलं होतं, कारणांसकट.

सरांनी रिकामा कप पुढे केला. मी तो घेतला नाही. त्यांनी वर पाहिलं आणि माझ्या चेहऱ्यावर त्यांची नजर थांबली. एखाद्या अवघड ओळीवर थांबावी तशी ती काही वेळ तिथे राहिली. काय चाललंय ते त्यांनी बरोबर वाचलं असणार, वाचण्यात ते कधी चुकत नाहीत. मग त्यांनी कप स्वतःच खाली ठेवला, पेपरची घडी घालून छबूच्या हातात दिली आणि छबूकडे बघून हसले.